वेगळ्या वळणाचे मूल आणि प्राथमिक शाळा

प्रत्येक शाळेत दोन-चार वर्षांनी का होईना, एखादे मूल असे येते की ज्याचे चालणे-बोलणे, बसणे-उठणे व खेळणे त्याच्या बरोबरीच्या मुलग्यांसारखे अथवा मुलींसारखे नसते. मुलगा असून तो मधल्या सुटीत सागरगोटे खेळणाऱ्या मुलींत जाऊन बसतो, फुगडी घालतो, बोलताना हात हलवितो. मुलगी असून तिला झगा नको असतो, केस आखूड हवे असतात, आणि कबड्डीच्या मैदानावरून ती हलत नाही. शिक्षकाच्या लक्षात हे येण्यापूर्वी वर्गाच्या लक्षात येते, आणि वर्ग त्या मुलास एक नाव देतो. ते नाव येथे छापण्याचे कारण नाही. नांदेड व लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षक अशी सर्व नावे जाणतात. दुसरीत ते नाव थट्टेचे असते, पाचवीत ते चिकटते, आणि सातवी-आठवीच्या सुमारास मूल शाळेत येईनासे होते. आपण हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा लिहितो. शेरा खरा असतो; गैरहजेरीचे कारण मात्र त्यात आलेले नसते.

अशा मुलाचे काय करावे, असा प्रश्न शिक्षक पुष्कळदा विचारतात. त्याच्या भोवतीच्या तीस-चाळीस मुलांस काय शिकवावे, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे, व प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे. मूल शाळा सोडते ते आपल्या स्वभावामुळे नव्हे. इतरांच्या हसण्यामुळे ते शाळा सोडते, आणि हसू आवरण्याचे शिक्षण देणे हे प्राथमिक शिक्षकाच्या नेहमीच्या कामातच मोडते.

विषय किरकोळ नाही हे दाखविण्यास थोडे आकडे पुरे आहेत. 2011 च्या जनगणनेत पुरुष व स्त्री ह्यांखेरीज 'इतर' अशी नोंद करण्याची सोय प्रथमच ठेवण्यात आली. त्या रकान्यात देशभर 4,87,803 व्यक्तींची नोंद झाली. पैकी 40,891 महाराष्ट्रातील होत्या. शून्य ते सहा वर्षांची 54,854 बालके त्या नोंदीत आहेत. म्हणजे इतक्या घरांतील मोठ्या माणसांनी आपल्या लेकराविषयी मोजणीदारास तसे सांगितले. त्या बालकांतील धाकटी आज शाळेच्या वरच्या वर्गांच्या वयाची आहेत आणि थोरली मतदार झाली आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून पुढे जाऊ. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निर्णयाने तृतीयपंथी व्यक्तींस संविधानातील समतेचे हक्क पूर्णपणे लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर 2019 मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा अधिनियम केला व तो 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला. शासनाच्या निधीवर चालणाऱ्या अथवा शासनमान्य अशा प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता शिक्षण, खेळ व करमणूक ह्यांची संधी द्यावी, असे बंधन त्यात आहे. जिल्हा परिषदेची वस्तीशाळाही ह्यातून सुटत नाही. शिक्षणहक्क अधिनियमाच्या 17 व्या कलमाने तर शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही 2010 पासूनच मनाई केलेली आहे. वर्गासमोर मुलाच्या चालण्याची नक्कल करणे हा मानसिक छळ होय, मग ती नक्कल विद्यार्थ्याने केलेली असो की शिक्षकाने.

शिक्षकांच्या हाती तयार साहित्य फारसे नाही, ही तक्रार योग्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये ह्या विषयावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती. आक्षेप आल्यावर ती थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. तेव्हा आपल्याजवळ जे आहे, म्हणजे भाषा, गोष्टी, खेळ आणि गावातील अनुभव, त्यांवरच काम चालवावयाचे आहे. सुदैवाने ते भांडवल कमी नाही.

लिंग व लिंगभाव

जन्माच्या वेळी शरीरावरून दाई अथवा डॉक्टर जे सांगतात ते लिंग. मुलगा म्हणून अथवा मुलगी म्हणून जगणे, वावरणे, आपणास तसे वाटणे हा लिंगभाव. बहुतेकांचे हे दोन्ही जुळतात. काहींचे जुळत नाहीत. क्वचित प्रसंगी जन्मतःच शरीराची ठेवण अशी असते की मुलगा की मुलगी हे सहज सांगता येत नाही. ही वैद्यकीय बाब असून तिची वाच्यता शाळेत कधीही होता कामा नये. पालकांस शंका असल्यास नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा मार्ग त्यांस खासगीत सांगावा. लिंगभाव वेगळा असणे हा मनाचा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या व 2022 पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्यास मानसिक विकारांच्या यादीतून वगळले आहे. म्हणून अंगारे-धुपारे, मारहाण किंवा घाईने लग्न लावून देणे ह्यांनी तो 'बरा' होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे शिक्षकास एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. बाहुल्यांशी खेळणारा सात वर्षांचा मुलगा मोठेपणी तृतीयपंथी होईलच असे नाही. बहुधा तो चारचौघांसारखा गृहस्थ होईल. झाडावर चढणारी मुलगी ही बहुधा फक्त झाडावर चढणारी मुलगी असते. मूल कोण आहे हे ठरविणे शिक्षकाचे काम नव्हे. थट्टेखोर मुले जसे एक नाव चिकटवितात, तसेच सुशिक्षित शिक्षक दुसरे, शास्त्रीय वाटणारे नाव चिकटवितो. मुलाच्या दृष्टीने दोन्ही ओझीच.

आपल्या भाषेची गोष्ट

मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. 'मी शाळेत जातो' अथवा 'मी शाळेत जाते' ह्यांपैकी एक रूप निवडल्यावाचून मुलास साधे वाक्यही पुरे करता येत नाही. ज्या मुलाच्या मनात ह्याविषयी अडचण आहे, त्यास दिवसातून शंभर वेळा ती अडचण ओलांडावी लागते. पुष्कळ मुले मग बोलणेच कमी करतात, आणि आपण त्यांस 'अबोल' म्हणून प्रगतिपत्रकात नोंदवितो.

ह्यात आपल्या दोन जिल्ह्यांपुरती आणखी एक गुंतागुंत आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या भागांत तेलुगू बोलणारी घरे आहेत. उदगीर, देवणी, निलंगा ह्या बाजूस कानडी बोलणारी आहेत. तेलुगूत 'नेनु वेळ्तानु' आणि कानडीत 'नानु होगुत्तेने' हे मुलगाही म्हणतो व मुलगीही म्हणते, रूप एकच. अशा घरातील मुलगा पहिलीत येऊन 'मी जाते' म्हणाला तर ती केवळ भाषेची चूक असते. वर्ग मात्र हसतो, आणि त्या हसण्याने एका निव्वळ व्याकरणाच्या चुकीचे रूपांतर टोपणनावात होते. शिक्षकाने अशा वेळी योग्य रूप स्वतः एकदा सहज उच्चारावे आणि पुढे चालू लागावे. चूक फळ्यावर लिहून तिचा पाठ करू नये. उलट बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. कोल्हापूरकडील खेड्यांत स्त्रियाही 'मी येतो' असे म्हणतात आणि तेथे कोणास हसू येत नाही. हसू येणे हे सवयीचे फळ आहे, एवढे ह्यावरून दिसावे.

'नपुंसकलिंग' हा शब्द शिकविण्याची वेळ आली की वर्गात खसखस पिकते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्या तासाला एखाद्या मुलाकडे माना वळतात. ह्यावर एक साधा उपाय असा की, शब्द आधी न सांगता उदाहरणे आधी द्यावीत. 'ते' कोणाला म्हणतो ते मुलांनाच शोधू द्यावे: ते लेकरू, ते वासरू, ते पाखरू, ते कोकरू, ते फूल, ते घर. मराठीतील अतिशय लाडके शब्द ह्या लिंगात आले आहेत, हे मुलांच्या नजरेस पडते. मराठवाड्यातील आई मुलगा-मुलगी न पाहता 'माझं लेकरू' म्हणते, हेही त्यांस ठाऊक असते. त्यानंतर व्याकरणातील नाव सांगितले म्हणजे त्यातील खोच निघून जाते. खालच्या वर्गांत तर एवढाही प्रपंच नको. पुरुष असलेल्या ज्ञानेश्वरांस आपण माउली म्हणतो, विठ्ठलास विठाई म्हणतो, आणि वारीत दाढीमिशांचा वारकरी दुसऱ्या दाढीमिशांच्या वारकऱ्यास 'माउली' म्हणून हाक मारतो. हे का बरे, एवढा एकच प्रश्न दुसरी-तिसरीच्या वर्गास विचारावा. मुले फार चांगली उत्तरे देतात. 'माया करतो म्हणून' असे एखादे मूल म्हणाले की तो तास सफल झाला.

निजामी अमदानीतील एक कायदा

आपल्या भागातील तृतीयपंथी मंडळी शाळा, कचेरी व पोलीस चौकी ह्यांपासून दूर का राहत आली, ह्याचे एक कारण इतिहासात आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. त्याच धर्तीवर हैदराबाद संस्थानात 1329 फसली साली, म्हणजे 1919 च्या सुमारास, एक स्वतंत्र कायदा झाला. नांदेड जिल्हा तेव्हा संस्थानात होता, आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते. लातूरचा स्वतंत्र जिल्हा 1982 मध्ये झाला. ह्या कायद्यान्वये नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात अथवा दागिने घालून सार्वजनिक ठिकाणी दिसली, किंवा तिने तेथे गाणे-नाचणे केले, तर तिला वॉरंटाशिवाय पकडता येत असे. सोळा वर्षांखालील मुलगा तिच्या घरी राहत असल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती.

ह्यातील शेवटचे कलम शिक्षकाने नीट वाचावे. घरातून हाकललेल्या मुलास ज्या एका घरात आसरा मिळण्याची शक्यता होती, तेथे आसरा देणे हाच गुन्हा ठरविला गेला होता. मग अशा घरातील कोणी मुलाचे बोट धरून शाळेत नाव घालावयास कसे यावे? सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंतु तेलंगणाच्या भागात हा कायदा कागदोपत्री तसाच राहिला, आणि तेथील उच्च न्यायालयाने तो संविधानविरोधी म्हणून रद्द केला तो जुलै 2023 मध्ये. शंभर वर्षांचा धाक आहे; तो एका परिपत्रकाने जाणार नाही.

आणि गंमत अशी की, ज्या समाजात हा धाक होता त्याच समाजात दुसरीकडे ह्याच वेगळेपणास मान होता. यल्लमा-रेणुकेच्या भक्तिपरंपरेत लुगडे नेसणारे जोगते आहेत, आणि माहूरची रेणुका तर नांदेड जिल्ह्यातच आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (1888-1967), ह्यांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखे दागिने घडवू लागल्या. शासनाने 1964 मध्ये त्यांस पद्मभूषण दिले. रंगभूमीवर जे वंद्य, ते वर्गाच्या मागल्या बाकावर निंद्य का, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जरूर मांडावा. वडीलधाऱ्या माणसांस तो लगेच समजतो, असा अंदाज आहे. निदान त्यावर ती भांडतात तरी, आणि न बोलण्यापेक्षा ते बरे.

नमुना पाठ : बृहन्नडा

इयत्ता पाचवी ते सातवी. वेळ एक तास. साहित्य काहीही नको.

प्रथम गोष्ट सांगावी, आणि ती रंगवून सांगावी. वनवासाची बारा वर्षे संपली. तेरावे वर्ष ओळख लपवून काढावयाचे. अर्जुन बृहन्नडा हे नाव घेऊन विराट राजाच्या वाड्यात राहिला व राजकन्या उत्तरेस नृत्य-गायन शिकवू लागला. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या. राजपुत्र उत्तराने मोठ्या बढाया मारल्या, परंतु त्याच्याकडे सारथी नव्हता. बृहन्नडेस बोलाविण्यात आले. तिने चिलखत मुद्दाम उलटेसुलटे अंगावर घेतले आणि वाड्यातील मुली खो खो हसल्या. उत्तरेने सांगून ठेवले : येताना माझ्या बाहुल्यांसाठी शत्रूंची तलम वस्त्रे घेऊन ये. पुढे कौरवांची सेना पाहताच उत्तर रथातून उडी टाकून पळाला. बृहन्नडेने त्यास धरून आणले, त्याच्या हाती लगाम दिला व स्वतः धनुष्य घेतले. गाई परत आल्या, आणि बाहुल्यांसाठी वस्त्रेही आली.

मग प्रश्न. वाड्यातील मुली कशाला हसल्या? रणांगणातून पळून गेला तो कोण, आणि त्यास कोणी हसले का? लढून आल्यावर बाहुल्यांच्या वस्त्रांची आठवण ठेवणे हे वीराला शोभते की नाही? ह्या तिसऱ्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्यावेत. मुलींना व मुलग्यांना सरमिसळ बोलू द्यावे आणि शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे.

ह्या गोष्टीत एक धोका आहे व अनुभवी शिक्षकही त्यात सापडण्याचा संभव आहे. मुले असा अर्थ काढतात की, बृहन्नडेस मान द्यावयाचा, कारण ती 'खरी' अर्जुन होती. म्हणजे वेगळ्या माणसाने आधी पराक्रम करून दाखवावा, मगच आपण हसणे थांबवू. हा अर्थ मनात राहिला तर पाठ न घेतलेलाच बरा. म्हणून चौथा प्रश्न टाळता येणार नाही : समजा, बृहन्नडा अर्जुन नव्हतीच. ती केवळ नाच शिकविणारी होती, धनुष्य तिला उचलताही आले नसते. तर मग तिला हसलेले चालले असते का? येथे वर्ग गप्प होतो. ती शांतता मोडण्याची घाई शिक्षकाने करू नये. मिनिटभर थांबावे, नंतर प्रत्येकास वहीत दोन ओळी लिहावयास सांगावे, आणि त्या ओळी वर्गात वाचून दाखवू नयेत. त्या शिक्षकाने घरी वाचावयाच्या आहेत. कधी कधी त्यांतूनच कळते की वर्गात कोणाला काय सोसावे लागत आहे.

पाठाच्या वेळी वर्गातील कोणत्याही मुलाकडे, मानेने वा डोळ्यांनी, निर्देश होता कामा नये. असे मूल वर्गात असेल तर पाठ त्याच्यावर आहे असे कोणासही वाटू नये. म्हणून थट्टेचा एखादा प्रकार नुकताच घडलेला असताना हा पाठ घेऊ नये. पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

ज्या वर्गात ही कथा परकी वाटेल, तेथे चित्रावरून संभाषण घ्यावे. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात स्वयंपाकाची कामे करणारे पुरुष व डॉक्टर असलेली स्त्री अशी चित्रे दिली, त्यांवर त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. भाजी निवडणारे वडील हे चित्र लहान मुलांस पुरेसे बोलते करते. आपल्या घरी भाकरी कोण थापते, पाणी कोण आणते, रडणाऱ्या बाळास कोण घेते, ह्याची यादी मुलांकडून करवावी. ऊसतोडीस गेलेल्या घरांतील मुलगे धाकट्या भावंडांस सांभाळतात, भाकरीही करतात. त्यांनी ते वर्गात उजळ माथ्याने सांगावे, ही ह्या तासाची मोठी कमाई होय.

वरच्या वर्गास ग्रामपंचायतीचा पाठ शिकविताना दोन खरी उदाहरणे सांगावीत. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ ह्या गावाने 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे ह्या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली येथे एका तृतीयपंथी उमेदवाराचा महिलांच्या राखीव जागेवरील अर्ज नाकारण्यात आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, आणि जानेवारी 2021 मध्ये ती उमेदवार निवडून आली. मतदान गावकऱ्यांनी केले, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

वर्गाबाहेर

थट्टा वर्गात कमी आणि मुतारीजवळ, पाण्याच्या टाकीपाशी व घरी जाण्याच्या वाटेवर अधिक होते. ज्या मुलास मुतारीत त्रास होतो ते दिवसभर पाणी पीत नाही. उन्हाळ्यात आपल्या भागात ह्याचा परिणाम काय होतो हे सांगावयास नको. अशा मुलास तास चालू असताना एकटे जाण्याची परवानगी कारण न विचारता द्यावी. शिक्षकांसाठी वेगळी सोय असेल तर ती मोकळी करावी. कवायतीत व खेळात मुलगे-मुली अशी विभागणी दर वेळी करण्याची गरज नसते. रांगा उंचीप्रमाणे लावता येतात, गट हजेरी क्रमांकाच्या सम-विषम आकड्यांनी पाडता येतात. स्नेहसंमेलनात मुलग्यास लुगडे नेसवून हशा मिळविण्याची जुनी प्रथा आहे, ती बंद करावी. पण एखाद्या मुलास नृत्य खरोखर येत असेल व करावयाचे असेल, तर त्यास अवश्य उभे करावे. दोहोंतील फरक मुलाचा चेहरा पाहिला की कळतो.

पालकांशी बोलताना फार जपावे. 'तुमच्या मुलाचे असे असे आहे' अशी सुरुवात कधीही करू नये. त्या रात्री घरी मूल मार खाते. त्याची हजेरी, त्याचे अक्षर, त्याचे गणित ह्यांविषयी बोलावे, आणि ते शाळेत आम्हांस हवे आहे एवढे दोनदा म्हणावे. घरात मारहाण होत असल्याचे दिसल्यास मुख्याध्यापकांच्या सल्ल्याने 1098 ह्या बालसाहाय्याच्या क्रमांकावर कळवावे.

कागदपत्रांविषयी थोडेसे. लिंगाच्या रकान्यात पालकांनी सांगितलेले व जन्मदाखल्यावर असलेले तेच लिहावे. शिक्षकाने आपल्या तर्काने तिसरा पर्याय भरणे हा गंभीर अन्याय आहे. मात्र एखादी व्यक्ती, शाळा सोडून दहा-पंधरा वर्षे झाल्यानंतर, जिल्हाधिकाऱ्यांनी 2019 च्या अधिनियमाखाली दिलेले ओळखप्रमाणपत्र घेऊन शाळा सोडल्याच्या दाखल्यात बदल मागावयास आली, तर तिला दारातून परत लावू नये. खुर्ची द्यावी, जुन्या नावाने हाक न मारता प्रमाणपत्रावरील नावाने मारावी, अर्ज घेऊन त्याची पोच द्यावी व तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात पाठवावा. जनरल रजिस्टरातील मूळ नोंदीची प्रत अर्जास जोडावयास विसरू नये. ती नसल्यास अर्ज परत येतो, आणि त्या व्यक्तीस शाळेची पायरी पुन्हा चढावी लागते.